आवडाबाईचा वाफा

खुरंदीत पाहुणा आला की लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. इतर गावांत दारात आलेल्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालतात. इथे ओढा ओलांडणाऱ्याला कुणीतरी हटकतंच, "पाय धुवू नका हो! तसेच वर या, आणि वर येऊन झाडा."

वर म्हणजे गावामागच्या डोंगरावर. डोंगर कसला, पालथा घातलेला तवा. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी उगवायची तर तिनं कुठे पाय रोवायचा असा प्रश्न पडावा इतका उघडा कातळ. त्या कातळाच्या मध्यावर दोन घोंगड्या अंथराव्यात एवढी एक हिरवी जागा आहे. चहूबाजूंनी गुडघाभर दगडांचा ताल, म्हणजे माती अडवायला रचलेला बांध. आत पोटरीएवढी माती आणि तिच्यात नाचणी. तालाच्या खालच्या कोपऱ्यात एक दगड शेंदराचा आहे. हाच आवडाबाईचा वाफा.

त्याची गोष्ट सांगायला हौसामावशी असते. ती सत्तरीची आहे आणि स्वतःला आवडाबाईच्या लेकीच्या वंशातली म्हणवते. गोष्ट सांगताना मध्येच तिला खोकला येतो. तो ओसरेपर्यंत पाहुण्यांनी थांबायचं असतं. "माझा नव्हे हा," ती डोळे पुसत म्हणते, "येसूचा." येसू कोण, ते गोष्टीत पुढे येतं.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. तेव्हा हा डोंगर असा नव्हता. वर चार बोटं काळपट, मऊ माती होती, मळलेल्या पिठासारखी. तिच्याखाली वीतभर तांबडी, तिच्याखाली मुरूम आणि सगळ्यांत खाली हा कातळ. तेव्हा कातळ कुणी पाहिला नव्हता. अंगावर धडुतं असलं की माणसाची हाडं दिसत नाहीत, तसं.

या डोंगराचा वरचा तुकडा धाकट्या भावाच्या वाट्याला आला होता आणि खालचं, ओढ्याकाठचं काळं रान थोरल्याच्या. थोरला हैबती. त्याच्या रानात उन्हाळ्यात भेगा पडायच्या त्या अशा, की विळा पडला तर सापडायचा नाही. धाकट्याची बायको आवडा. धाकटा दिवाळी झाली की मिठाच्या बैलांबरोबर घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाआधी परत यायचा.

त्या वर्षी तो निघाला तेव्हा आवडाला सातवा होता. कुडाच्या खोपटात वाऱ्याच्या बाजूला फटी होत्या. ती म्हणाली, "एवढी भिंत घालून जावा." तो म्हणाला, "आल्यावर बघू." आणि गेला.

पौषात वारा सुटला. हा डोंगरावरचा वारा मोठ्या माणसाला बोचतो, तर तान्ह्याचं काय होईल, हे आवडाच्या मनानं घेतलं. एकदा मनानं घेतल्यावर तिला दुसरं काही सुचेना. मूल अजून पोटात आणि तिला त्याचा खोकला ऐकू यायला लागला. दगड आणायचे तर खाली ओढ्यात, आणि आठव्या महिन्यात ओढ्यातून चढ चढून दगड कोण आणणार? हाताशी दगड होते ते शेताच्या तालाचे. सासऱ्याच्या बापजाद्यांपासून रचलेले, मातीला धरून बसलेले.

तिनं आधी दोन काढले. दोनच तर दगड, ती स्वतःला म्हणाली, बाळंतीण होऊन उठले की परत ठेवीन. मग फट अर्धीच बुजली म्हणून आणखी चार. मग चुलीला तीन. खालच्या कोपऱ्यातला दगड सासऱ्यानं शेंदूर लावून बसवलेला होता. रानाचा राखणदार म्हणून दर पेरणीला त्याला नारळ फुटायचा. तो मोठा आणि चपटा होता, भिंतीच्या तळाला अगदी हवा तसा. आवडानं तो दोन दिवस तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी काढला आणि शेंदराची बाजू आत, खोपटाकडे करून लावला. म्हणजे बाहेरून कुणाला दिसू नये. तालात जिथे भगदाड पडलं तिथे तिनं बोरीच्या फांद्या टाकल्या.

भिंतीनं वारा अडला. येसू जन्मली ती टुणटुणीत. बारशाला थोरली जाऊ कोंडाबाई वर आली, बाळाला मांडीवर घेऊन त्या भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "ऊब आहे गं खोपटात." आवडाला त्या वेळी फार बरं वाटलं.

पावसाआधी नवरा आला नाही. पावसानंतरही आला नाही. घाटात काय झालं, कोकणात काय झालं, कुणी सांगू शकलं नाही.

पाऊस मात्र आला. पहिल्या वर्षी काही कळलं नाही. पाणी गढूळ उतरलं एवढंच, आणि पाणी गढूळ उतरतंच. वरचं ते मळलेलं पीठ पातळ पापुद्र्यानं निघून गेलं आणि आवडाला वाटलं, यंदा नाचणी जरा आखूड आली. दुसऱ्या वर्षी शेतात बोटाएवढे ओघळ पडले. तिनं ते पायानं बुजवले. ते पुढच्या सरीला मनगटाएवढे झाले. दर पावसाआधी ती ठरवायची की भिंतीतले दगड काढून ताल बांधू, आणि दर वेळी येसूला शिंक यायची. तिसऱ्या वर्षी पेरणीला कुदळ घातली तर ती कर्र करून वाजली. मुरूम लागला होता. पुढे कुठेकुठे काळा कातळ डोकं वर काढून बघायला लागला.

त्याच श्रावणात आवडा खाली हैबतीच्या रानात खुरपायला गेली. गुडघाभर जोंधळा, आणि जोंधळ्याच्या ओळींत नाचणी. खाली नाचणी कुणी पेरत नाही. तिनं खुरपं घालून बघितलं. काळ्या मातीवर तांबड्या मातीचा पट्टा बसला होता, लुगड्याच्या काठासारखा. ती तिथेच बसली. आपलं रान आपल्याला दुसऱ्याच्या रानात सापडावं याचं हसू आलं की रडू, हे सांगणारे सांगत नाहीत. तिनं तो पट्टा मुठीत घेतला आणि पाटलाच्या दारात जाऊन उभी राहिली. "माझी माती मला द्या," म्हणाली.

गाव हसलं. पण रीत होती. शिवेवरच्या चिंचेखाली पंच बसले. त्या काळी थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे, म्हणून हैबती पंचांकडे बघून बोलला.

"तिला विचारा, मी काय माती पाटीत भरून आणली? आपल्या पायानं आली ती."

"भावजींना सांगा," आवडा पदरातून म्हणाली, "मातीला पाय नसतात."

"मग पंख असतील! माझ्या रानात येऊन बसली, मी काय हुसकावू?"

चार माणसं खो-खो हसली. म्हातारा पाटील हसला नाही. तो मातीचा माणूस होता. त्यानं ती मूठ हातावर घेतली, चोळली, वास घेतला. म्हणाला, "माती वरचीच आहे, यात वाद नाही. पण वाद तो नाहीच. गाय दावं तोडून गेली तर ज्याची त्याला परत द्यावी. पण कुणी दावं सोडून हाकलली, तर ती ज्याच्या दारात चरते त्याची. बाई, तुझी माती गेली का सोडली?"

शब्द दोनच होते, पण त्यांच्यामध्ये आवडाचं सगळं रान होतं.

"गेली," ती म्हणाली.

"मग शिवेची शपथ घे."

शपथ अशी असायची. अंघोळ करून ओलेत्यानं यायचं. वादातल्या मातीची ढेकळं पाटीत भरून पाटी डोक्यावर घ्यायची, लेकरू कडेवर घ्यायचं, आणि शीव चालत मोठ्यानं म्हणायचं, "माती मी सोडली नाही, माती गेली." सात दिवसांत घरात काही बरंवाईट झालं नाही तर शपथ खरी. झालं तर खोटी. ते बरंवाईट कुणाला होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच लेकरू कडेवर लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडा ओलेती आली. अख्खं गाव शिवेवर. पाटी हैबतीच्या रानातूनच भरली, काळी आणि तांबडी मिसळ. पाटी डोक्यावर चढली तसं ओल्या केसांतून मातीचं पाणी कपाळावर, नाकावर, ओठांवर उतरलं. येसूनं बोट लावून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

कोंडाबाई गर्दीतून पुढे आली. हळूच म्हणाली, "आवडे, पोर माझ्याकडे दे. एकटीच चाल."

आवडानं तिच्याकडे पाहिलं. कोंडाबाईनं डोळे खाली घातले. तेवढ्यात आवडाला कळलं की हिला ठाऊक आहे. कधीपासून ठाऊक आहे ते मात्र कळलं नाही, आणि विचारायची ती वेळ नव्हती.

"पोर हिच्याच कडेवर पाहिजे," हैबती पंचांना म्हणाला. "नाहीतर शपथ कसली?"

आवडा चालायला लागली. शिवेच्या पहिल्या दगडाशी तोंड उघडलं, मिटलं. दुसऱ्या दगडाशी पुन्हा तेच. तिनं मनात सगळा हिशेब मांडून पाहिला म्हणे. रान नसलं तर येसू काय खाईल? आणि खोटं बोलले तर खायला येसू असेल का? भिंत घातली ती हिच्यासाठी, दगड काढले ते हिच्यासाठी, आणि आता गेली म्हणायचं तेही हिच्यासाठीच, हिच्याच डोक्यावर हात ठेवून. तिला वाटलं, दुसरी एखादी शहाणी आई असती तर तिनं काहीतरी तिसरं केलं असतं. ते तिसरं काय, हे तिला तेव्हा सुचलं नाही आणि नंतर जन्मभर सुचलं नाही.

येसू शिंकली.

"सोडली," आवडा म्हणाली. "मी सोडली. ताल मीच उपसला. दगड माझ्या भिंतीत आहेत, जाऊन बघा."

हे ती खरेपणासाठी बोलली असं हौसामावशी सांगत नाही. भिऊन बोलली, असंच सांगते. आणि खरं बोलल्याबद्दल आकाशातून फुलं पडली नाहीत. पंचांनी निकाल दिला की माती हैबतीची. बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी म्हणालं, भिंतीपायी रान घालवलं, काय बाई तरी! हे बोलणारीच्याच घरात तीन लेकरं उबेला निजत होती.

एवढंच झालं की शपथेची माती परत रानात टाकायची नसते. "ती पाटी तिलाच नेऊ दे," पाटील म्हणाला. तेवढी एक पाटी माती आवडाला परत मिळाली.

ती घेऊन ती वर आली. कातळावर कुठे ठेवायची? वाऱ्यानं उडेल, पावसानं जाईल. आता 'जाईल' म्हणायची चोरी होती, 'सोडीन' म्हणावं लागणार होतं. तिनं खोपटाची भिंत पाडली. आधी शेंदराचा दगड कातळावर ठेवला, शेंदूर बाहेरच्या बाजूला. मग एकेक करून सगळे. पाळण्याएवढं रिंगण झालं आणि त्याच्या तळाशी माती बोटभर.

त्या पौषात खोपटात वारा शिरला तो कुणाला विचारून शिरला नाही. आवडानं येसूला दोन घोंगड्यांत गुंडाळून छातीशी धरलं. तरी खोकला लागला. पोर वाचली, पण खोकला जन्माचा झाला.

मग आवडा हैबतीच्याच रानात मजुरीला जायला लागली. दुसरीकडे जाणार कुठे? संध्याकाळी बाकीच्या बाया ओढ्यात पाय धुवायच्या. आवडा धुवायची नाही. ओढ्यातल्या दगडांवरून उड्या टाकत, पाय कोरडे ठेवून यायची आणि वर येऊन काटकीनं पायाची माती खरवडून रिंगणात टाकायची. टाचांची, बोटांच्या बेचक्यांतली, नखांतलीसुद्धा. बाया म्हणायच्या, "अगं आवडे, पायाला खूर फुटले तुझ्या!" त्यावरूनच गावाला खुरंदी म्हणतात म्हणे. त्याआधी गावाचं नाव काय होतं असं कुणी विचारलं, तर हौसामावशीला नेमकं त्याच वेळी ऐकू येत नाही.

हैबतीला कुणीतरी चुगली केली. तो म्हणाला, "नेऊ दे. पायाला किती नेईल?"

खरंच किती नेणार? पण आवडानं बारा पावसाळे नेली. माती वीतभर झाली, तेव्हा तिनं ओंजळभर नाचणी टाकली. आली ती दोन भाकरींची. येसू खोकत खोकत वाढली, तिचं लग्न झालं, ती शेजारच्या गावी नांदायला गेली. आवडा पाय खरवडत राहिली.

इकडे खाली काय झालं ते ऐका. हैबतीला वाटलं होतं की डोंगर द्यायचा तो देतच राहील. पण डोंगराकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं. आधी पाऊस पडला की माती पाणी प्यायची, उरलेलं हळूहळू खाली सोडायची. आता कातळावर पडलेला थेंब न थेंब त्याच घटकेला खाली. पाणी यायचं ते दांडगा बैल सुटल्यासारखं. हैबतीच्या काळ्या रानात आधी ओघळ पडला, मग ओहोळ, मग घळ. आवडाची तांबडी तर गेलीच, तिच्याखालची त्याची स्वतःची काळीही गेली. घळीचे काठ दर पावसाला ढासळायचे आणि दोन्हीकडचा जोंधळा उभाच्या उभा खाली जायचा. ओढ्याकाठी उरली ती चोपण, वाळली की पांढरी फटक पडणारी, जिच्यात पेरलेलं बी कुजून जातं. हैबती घळीच्या काठावर बसून असायचा. कुणाशी बोलायचा नाही. आता पंचांकडे बघून तरी कुणाविरुद्ध बोलणार?

एका दुपारी कोंडाबाई डोंगर चढून आली. केस पिकलेले, पाय सुजलेले. वाफ्यापाशी येऊन तिनं पदराची ओटी केली आणि पुढे धरली. ओटीत काही नव्हतं.

"नाचणीचं बी दे मूठभर," म्हणाली, "आणि ते रुजेल एवढी माती. खाली रुजवायला काही राहिलं नाही, आवडे. माती गेली."

आवडा ताल नीट करत होती. हातातला दगड तिनं खाली ठेवला नाही.

"जाऊबाई," तिनं विचारलं, "गेली का सोडली?"

वारा कोंडाबाईच्या रिकाम्या ओटीत भरत होता.

"सोडली," ती म्हणाली. "येसूच्या बारशाला भिंतीला टेकून बसले होते ना, तेव्हाच शेंदूर पाहिला होता. सासऱ्यांचा दगड मी ओळखणार नाही होय? म्हटलं, हिला सांगावं, ताल नीट कर म्हणून. मग आमच्या रानात तुझी माती यायला लागली. जोंधळा छातीला लागला. मग नाही सांगितलं."

एवढं ऐकल्यावर आवडानं तिला मिठी मारली, दोघी रडल्या, असं काही झालं नाही. आवडा म्हणाली, "मला तेव्हाच सांगितलं असतंस, तर माझ्या पोरीचा खोकला वाचला असता." मग तिनं एक मूठ बी आणि एक ओंजळ माती त्या ओटीत घातली. "पुढच्या वर्षी एक ओंजळ आणून टाक," म्हणाली, "आणि येताना पाय धुवू नकोस."

त्या ओंजळीनं घळ भरली नाही. ओंजळीनं घळी भरत नसतात. हैबतीचं घर दोन-तीन वर्षांत गाव सोडून गेलं. पण कोंडाबाई दर वर्षी परत येत राहिली, जिथून असेल तिथून, ओटीत माती घेऊन. तिच्यामागून गावच्या इतर बायका यायला लागल्या. प्रत्येकीच्या रानाला कुठे ना कुठे ओघळ पडलेला होताच.

आजही नाचणी कापून झाली की येणाऱ्या अमावास्येला खुरंदीच्या लेकी-सुना ओढ्यातला गाळ ओटीत भरून हा डोंगर चढतात. इतर देवींची ओटी खण-नारळानं भरतात, इथे आपलीच ओटी मातीनं भरून आणायची आणि रिकामी करून जायची. शेंदराच्या दगडापाशी हौसामावशी बसलेली असते. प्रत्येकीला ती विचारते, "गेली का सोडली?" उत्तर एकच द्यायचं असतं. 'गेली' म्हणणाऱ्या बाईची माती वाफ्यात घेत नाहीत. नव्या सुनांना हे फार लागतं. त्यांनी कुठे काय सोडलेलं असतं? हौसामावशी म्हणते, सापडेल, चढताना विचार करा.

इतकी वर्षं इतक्या ओट्या रिकाम्या झाल्या, तरी पाळण्याएवढा वाफा वाढून वाढून दोन घोंगड्यांएवढाच झाला आहे. दर पावसाला थोडी माती तालाच्या फटींतून निघते. आलेली आणि निघालेली जेमतेम सारखी होते. बाकीचा डोंगर तसाच उघडा आहे. पलीकडच्या उतारावर थोडा मुरूम उरला होता, तो आता जेसीबी लावून रस्त्याला नेतात. त्या कागदावर गावानेच सह्या केल्या आहेत. गेल्या साली ढगफुटी झाली तेव्हा पंचनाम्याला एक माणूस आला होता. त्याच्या फॉर्मवर छापलेलंच होतं, 'माती वाहून गेली'. बाया म्हणाल्या, "तसं नका लिहू साहेब. सोडली लिहा." तो हसला. "असा रकाना नाही मावशी," म्हणाला, आणि खूण करून निघून गेला. त्यानंही ओढ्यात पाय धुतले.

गोष्ट संपली की पाहुणे उतरायला लागतात. हौसामावशी त्यांच्या पायांकडे बघते आणि वाट अडवून बसते. मग कुणीतरी काटकी घेऊन बुटाच्या खाचांतली माती खरवडायला लागतो आणि कंटाळून म्हणतो, "एवढीशीच तर आहे मावशी."

"हो तर," ती खोकत खोकत म्हणते. "दोनच तर दगड होते."